हूक पेट्यांखाली होता: गाडी भरणं आणि रुतलेली गाडी काढणं

रुतलेली गाडी ओढून काढायला जो लोखंडी हूक लागतो, तो आमच्या गाडीत डिकीच्या तळाशी, स्टेपनीशेजारच्या फोमच्या खोबणीत असतो. त्या दिवशी त्या खोबणीवर स्टेपनीचं झाकण होतं, झाकणावर पाच डझनी हापूसच्या चार पेट्या, पेट्यांच्या फटींत असोले नारळ, आणि या सगळ्यावर सासूबाईंनी जुन्या लुगड्यात गाठोडं करून ठेवलेला फणस. बाहेर कोकणातल्या मिठबावच्या किनाऱ्याची वाळू होती. पुढची दोन्ही चाकं तिच्यात रुतली होती आणि भरती सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याला निघायचं म्हणून आम्ही दुपारीच गाडी भरून ठेवलेली. मुलांनी हट्ट धरला, शेवटचा एकदा समुद्र. मग मी, दोन्ही मुलं आणि धाकटा दीर भरल्या गाडीनेच निघालो. किनाऱ्यावर कुणाच्या तरी चाकांची चाकोरी दिसली आणि मी गाडी तिच्यावरून खाली घातली. चूक सगळी माझीच. वाळूत गाडी घालायचीच नसते. कित्येक किनाऱ्यांवर त्याला मनाई आहे, आणि वेळास-आंजर्ल्यापासून खाली सिंधुदुर्गापर्यंत कासवं याच वाळूत अंडी घालतात. पण रुतायला किनाराच लागतो असं थोडंच आहे? पावसात गावची पाणंद पुरते, एसटीला बाजू देताना साइडपट्टीवर उतरलेली दोन चाकं पुरतात.

त्या संध्याकाळी मला एक गोष्ट कळली. गाडी भरणं आणि रुतलेली गाडी काढणं ही कामं मी वेगवेगळी समजत होते. दोन्हींत हिशेब एकाच गोष्टीचा असतो: वजन किती, ते गाडीत कुठे ठेवलंय आणि चाकांमधून जमिनीवर कसं उतरतंय.

बसेल तेवढं, की पेलेल तेवढं?

गावाहून निघताना डिकी बंद होते का, एवढीच आपली परीक्षा. पण डिकीची जागा आणि गाडीची ताकद यांचा एकमेकांशी संबंध नाही. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दोन आकडे असतात. एक, रिकाम्या गाडीचं वजन. दुसरा, माणसांसकट आणि सामानासकट गाडी जास्तीत जास्त किती वजनाची असावी तो. दुसऱ्यातून पहिला वजा केला की आपल्या वाट्याला काय उरतं ते कळतं. आमच्या छोट्या गाडीचे आकडे ९०० आणि १३३५. उरले ४३५ किलो.

ऐकायला भरपूर वाटतात. आता माणसं बसवा. आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं मिळून २४५ किलो. उरले १९०. कपड्यांच्या दोन बॅगा ३० किलो. उकड्या तांदळाच्या २५ किलोच्या दोन गोण्या, कारण पुण्याच्या तांदळाची पेज सासूबाईंच्या घशाखाली उतरत नाही. उरले ११०. हापूसचं एक फळ २५० ग्रॅमचं धरलं तर पाच डझनांचे १५ किलो, लाकडी पेटी आणि पेंढा धरून १९. चार पेट्यांचे ७६. उरले ३४. असोला नारळ एक ते दीड किलोचा असतो. तीस नारळ म्हणजे साधारण ३६ किलो धरा, वर १२ किलोचा फणस. म्हणजे डिकी बंद झाली, काचा वर गेल्या, आणि आम्ही मर्यादेच्या १४ किलो पुढे होतो. नारळ सोलून नेले असते तर निम्मं ओझं अंगणातच राहिलं असतं. सोलायचा कंटाळा केला, दुसरं काही नाही.

उलाळ गाडी

बैलगाडी भरणाऱ्याला पुढचा मुद्दा पुस्तक न वाचता ठाऊक असायचा. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. मागचं टोक खाली बसतं, पुढून जू वर उचलतं आणि बैलांच्या ओढण्यात जोरच राहत नाही. मोटारीतही तेच होतं, फक्त जू नसल्यामुळे दिसत नाही.

डिकीचा बराचसा भाग मागच्या चाकांच्याही मागे असतो. समजा १०० किलो सामान मागच्या चाकांच्या आसापासून ६० सेंटीमीटर मागे ठेवलं, आणि पुढच्या-मागच्या चाकांत २४० सेंटीमीटर अंतर आहे. तागडीचा नियम लावला तर मागच्या चाकांवर १०० नव्हे, १२५ किलो पडतात. जादाचे २५ येतात कुठून? पुढच्या चाकांवरून उचलले जातात. आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचीच चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि थांबवण्याचंही जास्त काम करतात. करूळचा घाट चढताना एखाद्या ओल्या वळणावर पुढचं चाक जागच्या जागी चुर्रर्र करून फिरतं, ते याच २५ किलोंमुळे.

म्हणून जड वस्तू खाली ठेवायची आणि मागच्या सीटच्या पाठीला भिडवून ठेवायची. त्याहून चांगली जागा म्हणजे मागच्या सीटवर बसणाऱ्यांच्या पायाशी, पुढच्या सीटांच्या मागे. ती दोन्ही आसांच्या मध्ये येते. तांदळाच्या गोण्या तिथे आडव्या टाकल्या तर मुलांना पाय ठेवायला ओटा होतो. डिकीच्या दाराजवळ हलकं सामान: कपडे, पापडांचा डबा, आमसुलं. कोकमाच्या आगळाचे कॅन मात्र उभे आणि घट्ट, नाहीतर पुढची दोन वर्षं गाडीला सोलकढीचा वास.

आता फणसाकडे येऊ. तो वर ठेवला होता, सीटच्या पाठीपेक्षा उंच, मुलांच्या डोक्यामागे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या मोकळ्या वस्तूचा जोर तिच्या वजनाच्या साधारण वीस पट होतो. म्हणजे १२ किलोचा फणस २४० किलोंच्या जोराने पुढे येणार, काटे धरून. हे गणित मी नंतर मांडलं आणि मांडल्यावर बराच वेळ गप्प बसले. सीटच्या पाठीच्या वर काही रचायचंच असेल तर ते पट्ट्याने किंवा जाळीने बांधलेलं हवं. मागच्या सीटवर कुणी बसणार नसेल तरी तिथले सीटबेल्ट अडकवून ठेवावेत, पाठीला तेवढाच आधार. पाठ दुमडणारी असेल तर ती कट्ट आवाज करून बसली आहे ना, हे हाताने ओढून बघावं.

टपाबद्दल थोडक्यात. कॅरिअरची मर्यादा छोट्या गाड्यांत बहुधा ५० ते ७५ किलोंच्या आसपास असते, आणि कॅरिअरचं स्वतःचं वजन त्यातच धरायचं. टपावरच्या वजनाने गाडी वळणावर झुकते, म्हणून तिथे आकाराने मोठं पण हलकं सामान. आणि कलमं उभी राहावीत म्हणून डिकीचं दार अर्धं उघडं ठेवून, दोरीने बांधून निघणारे दर जूनमध्ये दिसतात. चालत्या गाडीच्या मागे हवा घुमते आणि सायलेन्सरचा धूर त्या फटीतून आत ओढला जातो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, माणसाला गुंगी आणतो. कलमं आडवी न्या, मरत नाहीत.

भरल्या गाडीची आणखी तीन कामं असतात. पहिलं, हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर हवेचे दोन आकडे असतात, थोड्या माणसांसाठी एक आणि भरल्या गाडीसाठी दुसरा. मागच्या चाकांचा दुसरा आकडा बहुधा जास्त असतो. हवा थंड टायरात मोजायची. दुसरं, दिवे. मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिपर दिलेला असूनही समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला बऱ्याच गाड्यांत ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते, ती याचसाठी. आकडा वाढवला की झोत खाली येतो. ही चकती मी गाडी घेतल्यापासून सात वर्षांनी पहिल्यांदा फिरवली.

तिसरं, घाट. आंबोलीसारखा घाट उतरताना गाडी साधारण ६०० मीटर खाली येते. दीड हजार किलोंची गाडी एवढी खाली आणताना जी उष्णता निघते, तिच्यावर ३० लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी ब्रेकवर घातली तर ब्रेक तापून ढिले पडतात, पाय खाली जातो आणि गाडी जाते तशीच राहते. ज्या गिअरने घाट चढला असता त्याच गिअरने उतरायचा. मग तापण्याचं बरंच काम इंजिन घेतं.

वाळू: चाक का खणतं

तर, मिठबाव. चाक घसरल्याचं कळलं तेव्हा मी तेच केलं जे सगळे करतात. ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, वाळूचा फवारा उडाला, गाडी दोन बोटं खाली गेली. आणखी दाबला, आणखी दोन बोटं. ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसलेले एक आजोबा उठून आले.

"गो बाय, रेस मारू नको. आणखी खाली जातली."

मग त्यांनी गुडघ्यावर बसून गाडीखाली डोकावलं आणि दिराला म्हणाले, "पोट टेकला नाय अजून. आधी सामान भायर काढा."

या दोन वाक्यांत जवळजवळ सगळं आहे, फक्त उलगडून सांगावं लागेल.

चाक गाडी पुढे नेतं ते जमिनीला मागे ढकलून. डांबर ढकललं जात नाही, म्हणून गाडी पुढे जाते. कोरडी वाळू ढकलली जाते. तिचे कण एकमेकांना धरून नसतात. चाक जोरात फिरलं की ते वाळू उपसून मागे फेकतं आणि स्वतः त्या खड्ड्यात उतरतं. खड्ड्यात उतरलं की समोर वाळूची भिंत. आता गाडीला पुढे जायचं तर आधी वर चढायला हवं. भरतीच्या रेषेखालची ओलसर वाळू घट्ट असते, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना धरून ठेवतं. त्याच भरवशावर माणूस खाली जातो. पण तीच वाळू पाण्याने पुरती भरली की सैल होते, आणि उभ्या गाडीच्या चाकाभोवतीची वाळू प्रत्येक लाट थोडीथोडी पळवते.

दुसरा प्रश्न धाकट्या मुलाने विचारला: "एकच चाक का फिरतंय?" त्याचं उत्तर डिफरन्शियल. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दात्यांची एक जोडणी मध्ये असते. ती दोन्ही बाजूंना पीळ मात्र सारखाच देते. डाव्या चाकाखाली काहीच पकड नसेल, तर ते जराशा पिळाने भिरभिरतं, आणि उजव्यालाही तेवढाच जरासा पीळ मिळतो. म्हणून एक चाक गरगरतं आणि दुसरं ढिम्म. नव्या गाड्यांत चाक घसरायला लागलं की इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा असते. डांबरावर ती उपकाराची, वाळूत ती दमच तोडते. घसरत्या गाडीचं चित्र असलेलं बटण दाबून ती तेवढ्यापुरती बंद करायची.

आणि "पोट टेकला नाय" याचा अर्थ? गाडीचा तळ वाळूवर बसला की वजन तळावर येतं, चाकांवर राहत नाही. बिनवजनाच्या चाकाला पकड कसली? पोट टेकलं असेल तर आधी पोटाखालची वाळू उकरल्याशिवाय बाकीचं सगळं फुकट.

आम्ही काय केलं, कोणत्या क्रमाने

मुलं बाहेर, पाण्यापासून लांब, एका बाईंच्या ताब्यात. मग सामान. दीर म्हणत होता, सगळं कशाला, पेट्या तेवढ्या काढून हूक काढू. आजोबांनी ऐकलं नाही. तांदूळ, पेट्या, नारळ, फणस सगळं वाळूवर रांगेत लागलं. बॅगा अजून घरीच होत्या, तरी पावणेदोनशे किलो खाली उतरले असतील. गाडी स्प्रिंगांवर दोन बोटं वर आली ती मी डोळ्यांनी पाहिली. तळाखालून हात जायला लागला.

सायलेन्सरचं तोंड वाळूने बुजलं होतं, ते मोकळं केलं. धूर कोंडून गाडीत शिरू नये म्हणून हे इंजिन चालू करण्याआधीच करायचं. स्टिअरिंग सरळ केलं, कारण तिरकं चाक वाळू बाजूला लोटत बसतं. मग ठरलं, पुढे जायचंच नाही. जिथून आलो ती चाकोरी आपल्याच वजनाने दाबलेली, तीच वाट सगळ्यात घट्ट. म्हणून प्रत्येक चाकाच्या मागे उकरायला घेतलं. खड्डा खोल करायचा नाही, चाकाला हळूहळू वर चढता येईल असा उतार करायचा. हत्यारं म्हणाल तर होडीतलं एक घमेलं आणि मुलांची प्लास्टिकची फावडी.

मग हवा. ही गोष्ट पटायला वेळ लागतो. टायरात दर चौरस इंचाला जेवढा दाब, साधारण तेवढ्याच दाबाने टायर जमिनीवर बसतो. एका चाकावर ३७५ किलो आणि टायरात ३३ पीएसआय हवा असेल, तर टायर जमिनीला टेकलेला भाग जेमतेम १६० चौरस सेंटीमीटर असतो, म्हणजे बोटांसकट आपल्या तळहाताएवढा. हवा १६ वर आणली की तो भाग दुप्पट होतो आणि वाळूवरचा दाब निम्मा. उंट वाळूत का बुडत नाही आणि टाचेची चप्पल का बुडते, तोच हिशेब. झाकण काढून व्हॉल्व्हची पिन किल्लीच्या टोकाने दाबून धरली की हवा सुटते. हे चारही चाकांना करायचं. १५ च्या खाली जाऊ नये, टायरची कड रिममधून निसटू शकते. आणि हवा कमी असताना झटकन वळवायचं नाही, ताशी वीस-तीसच्या वर जायचं नाही.

चाकांमागच्या उतारावर आजोबांनी सुक्या झावळ्या आणि नारळाची सोडणं अंथरली. गोणपाट चालतं. गाडीतलं मॅटही चालतं, पण चाकाने ते धरलं आणि सोडलं तर बाणासारखं सुटतं. म्हणून त्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. हीच गोष्ट दगडांची. खड्डा भरायला चिऱ्याचे तुकडे उपयोगी पडतात, पण सुटा गोटा चाकाखालून गोफणीसारखा येतो.

गाडी रिव्हर्समध्ये घातली, क्लच अगदी अलगद सोडला. पुढे जायचं असतं तर पहिल्याऐवजी दुसरा गिअर टाकला असता, त्यात चाकाला झटका कमी बसतो. पहिल्यांदा गाडी हातभर मागे आली आणि चाक घसरलं. घसरलं त्या क्षणी पाय काढला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे, पाळणा हलवल्यासारखं. प्रत्येक खेपेला चाकोरी थोडी लांब आणि थोडी घट्ट होते. ऑटोमॅटिक गाडीत हे फार वेळ करू नये, गिअरबॉक्स तापतो. चारपाच माणसं पुढून रेटायला होती, बॉनेटच्या कडेला खांबाशी हात लावून. पत्र्याच्या मध्यावर जोर दिला तर पोचा येतो, बंपरवर दिला तर क्लिपा तुटतात. चाकाच्या रेषेत कुणी नाही, आणि गाडी सुटली तर अंगावर येईल अशा उताराच्या बाजूला तर नाहीच.

चौथ्या खेपेला गाडी सुटली आणि मर्यादवेलीच्या वर, सुरूच्या बनातल्या वाटेला लागली. हूक दिराच्या हातात होता. पेट्या काढल्यामुळे तो मिळाला, आणि पेट्या काढल्यामुळेच त्याची गरज उरली नाही.

घड्याळ तिथीचं

एवढी घाई कशासाठी, ते सांगायचं राहिलं. त्या दिवशी त्रयोदशी होती. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे पूर्ण भरती रात्री पावणेदहाच्या सुमाराला आणि ओहोटी त्याच्या सहा तास आधी, पावणेचारला. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. गावागणिक तासाभराचा फरक पडतो, म्हणून चाकाखाली वाळू असताना पाणी हिशेबापेक्षा लवकर येणार असंच धरावं.

आम्ही साडेचारला रुतलो, तेव्हा पाणी जागच्या जागी आहे असं वाटत होतं. फसवणूक होते ती इथे. सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात एकूण चढणाऱ्यातलं निम्मं पाणी चढतं. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती खूप वर येते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा कमी. त्रयोदशी म्हणजे उधाणाच्या दारातच. मर्यादवेल जिथून सुरू होते ती तिच्या नावाप्रमाणे पाण्याची मर्यादा समजायची, आणि मी गाडी तिच्या कितीतरी खाली घातली होती.

ओढायची वेळ आलीच तर

हूक लावायची जागा बंपरवरच्या एका छोट्या चौकोनी झाकणाखाली असते. तो आट्यांवर फिरवून चाकाच्या पान्याने पुरता आवळायचा. अर्धा आवळलेला हूक गोळीसारखा सुटतो. दोरी त्यालाच बांधायची. मदतीला आलेला ट्रॅक्टर किंवा जेसीबीवाला चांगल्या मनाने बंपरला नाहीतर चाकाजवळच्या दांड्याला दोरी गुंडाळतो आणि गाडी वाळूतून निघून थेट गॅरेजात जाते. कुठे बांधायचं ते आपण सांगायचं. सुंभ नको, तो होडी बांधायला ठीक. गाडीच्या वजनाला पेलेल असा पट्टा वापरायचा.

ताणलेली दोरी म्हणजे ओढून धरलेलं रबर. तुटली की तिच्यात साठलेला सगळा जोर टोकाला येतो, आणि टोकाला लोखंड बांधलेलं असेल तर ते काच फोडून आत येतं. दोरीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहायचं नाही, मधोमध ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटली तरी ती खाली पडते. ढिली दोरी ठेवून हिसका द्यायचा नाही. आधी ताण घ्यायचा, मग सरळ रेषेत सावकाश ओढायचं. पुष्कळ गाड्यांचा हा हूक रस्त्यावर बंद पडलेली गाडी नेण्यापुरताच बनवलेला असतो, त्यामुळे सामान उतरवून आणि वाळू उकरून झाल्यावरच ओढायला लावावं. ओढताना चावी चालू हवी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असेल तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, हे आत बसणाऱ्याला आधी सांगून ठेवायचं.

चिखलाची गोष्ट थोडी वेगळी. आपल्या लाल मातीत वर रेबडा आणि खाली बऱ्याचदा घट्ट जांभा असतो. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की टायर गुळगुळीत होतो. तिथे हवा सोडून फारसं साधत नाही, चाकापुढचा चिखल ओढून काढून घट्ट तळ गाठायचा, खाचा काठीने मोकळ्या करायच्या. जॅक लावून चाक उचलून खाली चिरे भरता येतात, पण जॅकखाली रुंद फळी हवी आणि गाडीखाली कुणाचाही हात-पाय नको. साइडपट्टी खचून डावी चाकं गटारात गेली असतील आणि गाडी कलंडलेली असेल, तर काही करू नका. वरच्या बाजूने उतरा आणि ट्रॅक्टर बोलवा.

पाणी इंजिनात गेल्याचा नुसता संशय आला तरी चावी फिरवायची नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन पाण्यावर आपटतो आणि त्याचा दांडा वाकतो. बॅटरीवरची गाडी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर ती चार्जिंगला लावू नये, घराला लागून उभीही करू नये.

आमच्या गाडीला लाटेचं पाणी नुसतं शिवलं होतं. तरी सकाळी दिराने विहिरीचा पंप लावून तळ, चाकांच्या कमानी, ब्रेक, सगळं गोड्या पाण्याने धुतलं, कारण मीठ पत्रा खातं. अंगणातून फाट्यापर्यंत सावकाश जाताना दोनचारदा ब्रेक दाबून ते सुकवले. हवा आदल्या संध्याकाळीच सिगारेट लायटरच्या खाचेत लागणाऱ्या छोट्या पंपाने भरून घेतली होती, तीही शेजाऱ्यांकडून मागून.

निघायला दहा वाजले. तांदूळ मुलांच्या पायाखाली, दोन पेट्या सीटच्या पाठीला भिडवून, दोन पेट्या दिराकडे. नारळ सोलून, अर्धेच. हूक, जॅक आणि पान्याची पिशवी ड्रायव्हरच्या सीटखाली. फणसावर मात्र वाद झाला. सासूबाई तो सोडेनात. शेवटी तो त्यांच्याच पायाशी, पुढच्या सीटला टेकवून बसवला, आणि कराड येईपर्यंत तो पिकल्याचं गाडीत सगळ्यांना कळलं होतं.